गाडीमागील गाडी

वेचलेला कापूस वजनास हलका असला तरी जागा फार अडवितो. म्हणूनच बुलढाणा जिल्ह्यात खामगावच्या बाजाराकडे निघालेली कापसाची गाडी दुरून पाहणारास एखादा चालता डोंगरच भासते. पूर्वी हा डोंगर बैल ओढीत; आता बहुधा ट्रॅक्टर ओढतो. ज्यांच्या दारी जीपच्या जातीची भक्कम मोटार आहे, अशा गृहस्थासही तिच्यामागे एखादा लहानसा ट्रेलर जोडावा असे वाटणे स्वाभाविक आहे. मात्र या दोन वाहनांमधला सांधा वीतभरच लांबीचा असतो, आणि घाटाच्या उतरणीवर सारी भिस्त त्या वितभर लोखंडावर असते.

या सांध्याचे मर्म जुन्या गाडीवानास चांगले ठाऊक होते. गाडी भरताना तो भार आसाच्या किंचित पुढे ठेवी. भार मागे गेला की गाडी उलाळ होई आणि जू बैलांच्या मानेवरून वर उचलले जाई. फार पुढे आला की बैलांचे खांदे सुजत. दोन चाकांच्या ट्रेलरचाही न्याय हाच. भरलेल्या ट्रेलरच्या एकूण वजनाचा सुमारे दहावा हिस्सा जोडावर पडावा, असा सर्वसाधारण हिशेब आहे. तो फार कमी असेल तर वेग वाढताच ट्रेलर शेपटासारखा डोलू लागतो. फार अधिक असेल तर मोटारीची मागील बाजू बसते, पुढील चाके हलकी होतात आणि सुकाणू व ब्रेक या दोहोंची पकड ढिली पडते.

ट्रॅक्टरच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. ओढीची साखळी मागील आसाच्या वर बांधली आणि मागचे ओझे अडकून बसले, तर पुढील चाके उचलून ट्रॅक्टर चालकावरच उलटू शकतो. बांधावरून घाईने साखळी टाकणारांनी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

महायुद्धातील जीपगाड्यांना मागे मिटणाऱ्या जबड्याचा आकडा असे व ट्रेलरच्या टोकास लोखंडी कडे. खाचखळग्यांत हा जोड उत्तम, पण त्याचा खडखडाट फार. सडकेसाठी गोळा आणि त्यावर बसणारी वाटी हा जोड अधिक शांत. त्यातही मापाची फसगत होते: एक गोळा ५० मिलिमीटरचा, दुसरा २ इंचांचा, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा. डोळ्यांस दोन्ही सारखेच! मोठ्या वाटीत लहान गोळा बसतो खरा, परंतु सैल.

जोड बंपरवर कदापि बसवू नये. बंपर ओढीसाठी घडविलेला नसतो. ज्या मोटारीस खाली पोलादी चासी आहे तिचा आधार चासीवर घ्यावा. पुष्कळ नव्या मोटारींना वेगळी चासी नसते, सांगाडाच भार वाहतो; तेथे कारखानदाराने नेमून दिलेल्या जागीच बोल्ट घालावे. किती वजन ओढावे हे पुस्तिकेत पाहावे, आणि ओढण्यास मनाई असेल तर तो विचारच सोडावा. शिवाय १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानुसार ट्रेलर हेही मोटार वाहनच होय. म्हणून त्याची नोंदणी आणि मोटारीतील फेरफार यांबाबत परिवहन कार्यालयात आधीच चौकशी केलेली बरी.

खिळीस टाचणी, जोडाखाली फुलीने दोन साखळ्या आणि मागील दिव्यांची तार, यांवाचून निघू नये. दिवेच नसलेली ट्रॉली रात्री केवळ काळी भिंत असते. पहिल्या फेरीनंतर बोल्ट पुन्हा आवळावे लागतात. कारागीर हे क्वचितच सांगतो.

घाटावरच्या बुलढाण्याहून घाटाखालच्या मलकापुराकडे जाताना राजूर घाट लागतो, खामगावाकडे जाताना बोथ्याचा. तेथे मागील ओझे मोटारीस पुढे लोटते. उतार सुरू होण्यापूर्वीच खालचा गिअर घालावा. मध्येच ब्रेक दाबून धरला तर तो तापून निकामी होतो. मागे हटणे तर निराळीच विद्या आहे. सुकाणू उजवीकडे वळविले की ट्रेलर डावीकडे जातो, आणि ही उलटी चाल हातांस सवयीची होईपर्यंत मळणी आटोपलेल्या मोकळ्या खळ्यावर रिकामा ट्रेलर घेऊन चार सकाळी तरी घालवाव्या लागतात.