वय तरुण, पण शक्ती किती?

(ट्रस्टच्या सुवर्ण महोत्सवी आरोग्य-व्याख्यानाचा संक्षेप)



मुलुंड-घाटकोपर असो वा अंधेरी-बोरिवली, आपल्या उपनगरांतील कितीतरी कुटुंबे कर्करोगाच्या उपचारासाठी परळची वाट धरतात. १९४१ साली सुरू झालेल्या तेथील टाटा मेमोरियल रुग्णालयात साठीपुढील रुग्णांसाठी २०१८ साली स्वतंत्र सेवा सुरू झाली. अशा सेवेत केवळ गाठ नव्हे, तर माणूस तपासला जातो : चाल, आहार, स्मरणशक्ती, मनःस्थिती, इतर आजार, घरचा आधार. माझा आज एवढाच प्रश्न आहे, चाळिशीतल्या रुग्णाला हे कोण विचारते?

शरीराची राखीव शक्ती घटते, लहानशा आघातानेही ते कोलमडते, त्या अवस्थेस वैद्यकशास्त्र ‘फ्रेल्टी’, म्हणजे दुर्बलता म्हणते. २००१ साली तिच्या पाच खुणा मांडल्या गेल्या : नकळत घटलेले वजन, सततचा थकवा, हाताची सैल पकड, मंद चाल आणि कमी झालेली हालचाल. यांपैकी तीन आढळल्या की व्यक्ती दुर्बल समजली जाते. ही केवळ वार्धक्याची गोष्ट नव्हे. बालपणीच्या कर्करोगातून वाचलेल्या, सरासरी तेहतीस वर्षे वयाच्या प्रौढांचा अमेरिकेतील सेंट ज्यूड रुग्णालयाने अभ्यास केला. त्यांच्यातील दुर्बलता पासष्टी ओलांडलेल्या माणसांइतकी आढळल्याचे २०१३ साली प्रसिद्ध झाले.

तरुण रुग्णाची दुर्बलता लपते, कारण ‘अजून वय काय आहे!’ असे आपण सारेच म्हणतो. घरचा कर्ता पुरुष थकवा सांगत नाही. मुलांची आई तर मुळीच नाही. भरलेल्या देहातही स्नायू झिजलेले असू शकतात. मग केमोथेरपी झेपत नाही आणि उपचार मध्येच थांबवावे लागतात.

म्हणून घरच्यांनी पाहावे : तीन महिन्यांत वजन किती घटले? भूक कशी आहे? खुर्चीतून हातांचा आधार न घेता उठता येते का? स्टेशनचा पूल पूर्वी एका दमात चढणारा माणूस आता मध्येच थांबतो का? याची उत्तरे उपचारापूर्वीच डॉक्टरांना सांगावीत. दुर्बलता आढळली म्हणजे उपचार नाकारले जातात असे नव्हे. डाळी, दूध, पनीर यांतून प्रथिने वाढवता येतात, व्यायामोपचार देता येतात, औषधांची मात्रा व वेळापत्रक विचारपूर्वक ठरवता येते.

एक नम्र विनंती. उपचारकाळात उपवास, आयंबिल वा चौविहार डॉक्टरांना सांगितल्याशिवाय करू नये. ‘यथाशक्ती’ हा शब्द आपल्या परंपरेनेच दिलेला आहे. ती शक्ती आधी मोजून घ्यावी, एवढेच माझे सांगणे. रुग्णसेवेत असणाऱ्या आपल्या कार्यकर्त्यांनी मदतीचा अर्ज भरून घेताना हे चार प्रश्न विचारले, तरी मोठे काम होईल.