तुर्कू : लोकवर्गणीतून उभ्या राहिलेल्या विद्यापीठाचे नगर



शिक्षणासाठी मुलाने परदेशी जाणे आता मराठी मध्यमवर्गीय घराला नवे राहिलेले नाही. दोन-तीन आठवड्यांच्या उन्हाळी अभ्यासवर्गासाठी युरोपात जाण्याची प्रथा मात्र त्या मानाने अलीकडची आहे. अशा वर्गासाठी फिनलंडमधील तुर्कू या ऐतिहासिक नगरात जाणाऱ्या विद्यार्थ्याने तेथून काय घेऊन यावे, याचा विचार निघण्यापूर्वीच झाला पाहिजे.

प्रवासाची सिद्धता फार कठीण नाही. शेंगेन व्हिसा लागतो, त्यासाठी किमान तीस हजार युरोचे संरक्षण देणारा वैद्यकीय विमा काढावा लागतो. हेलसिंकीला उतरले की रेल्वेने सुमारे दोन तासांत तुर्कू येते. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री अकराच्या सुमारास मावळतो आणि पहाटे चारच्या सुमारास पुन्हा उगवतो. त्यामुळे पहिले काही दिवस झोपेचे वेळापत्रक कोलमडते. वर्गात प्राध्यापकांना त्यांच्या पहिल्या नावाने हाक मारतात. ‘सर’ म्हणण्याचा संस्कार झालेल्या आपल्या विद्यार्थ्याला ते अवघड वाटते. परंतु तो अनादर नव्हे, तेथील रीतच आहे.

नगराच्या मध्यातून औरा नदी वाहते. तिच्या मुखाशी तेराव्या शतकातील किल्ला आहे, तर काठावर इ. स. १३०० मध्ये अभिषिक्त झालेले भव्य कॅथेड्रल आहे. याच तुर्कूचे पुढे बिशप झालेल्या मिकाएल आग्रिकोला यांनी १५४३ साली फिनिश भाषेचे पहिले मुद्रित पुस्तक सिद्ध केले. ते होते मुलांना अक्षरे शिकविणारे बालबोध पुस्तक. त्या वेळी फिनलंड स्वीडनच्या राज्यात होता. शेतकऱ्याच्या घरात फिनिश, कारभारात स्वीडिश आणि विद्वत्तेत लॅटिन अशी विभागणी होती. १६४० मध्ये तुर्कूला देशातील पहिले विद्यापीठ स्थापन झाले, तेही लॅटिनमधून शिकविणारे.

१८०९ मध्ये फिनलंड रशियन साम्राज्यात गेला आणि १८१२ मध्ये राजधानी हेलसिंकीला हलविण्याचा निर्णय झाला. सप्टेंबर १८२७ च्या भीषण आगीत तुर्कूचा बहुतांश भाग आणि विद्यापीठाचा ग्रंथसंग्रह भस्मसात झाला. पाठोपाठ विद्यापीठही हेलसिंकीला गेले. याच विद्यापीठात शिकलेल्या एलियास ल्योनरोट यांनी पुढे खेडोपाडी हिंडून लोकगीते संकलित केली. त्यातून १८३५ मध्ये ‘कालेवाला’ हे महाकाव्य प्रसिद्ध झाले आणि फिनिश ही साहित्याची भाषा होऊ शकते, याविषयी समाजाला आत्मविश्वास आला. १८६३ मध्ये राजाज्ञेने फिनिशला कारभारात स्थान मिळाले, १९१७ मध्ये देश स्वतंत्र झाला.

येथे तुर्कूचे खरे वैशिष्ट्य दिसते. गेलेले विद्यापीठ परत मिळावे म्हणून हे नगर शासनाकडे डोळे लावून बसले नाही. १९१८ मध्ये स्वीडिश भाषकांनी देणग्यांतून ओबू अकादमी उभी केली. १९२० मध्ये फिनिशमधून शिकविणारे तुर्कू विद्यापीठ स्थापन झाले, त्यासाठी २२,०४० जणांनी देणग्या दिल्या. तेव्हा देश तरुण आणि गरीब होता, १९१८ च्या यादवीच्या जखमा ताज्या होत्या. तरीही स्वतंत्र जनतेने स्वतंत्र ज्ञानाला दिलेली ही भेट आहे, अशी या विद्यापीठाची धारणा राहिली. बालबोध पुस्तकापासून या विद्यापीठापर्यंत पोहोचायला पावणेचारशे वर्षांहून अधिक काळ लागला. विशेष म्हणजे फिनिशच्या उत्कर्षासाठी स्वीडिशला हद्दपार करावे लागले नाही. दोन्ही राष्ट्रीय भाषा आहेत आणि एकाच नगरात दोन्ही विद्यापीठे नांदत आहेत.

परंतु कथा येथे संपत नाही. आपला विद्यार्थी ज्या उन्हाळी वर्गाला बसतो, तो बहुधा इंग्रजीतून चालतो. जगभरचे विद्यार्थी यावेत म्हणून फिनलंडच्या विद्यापीठांनी इंग्रजीला मोठी जागा दिली. त्याचा लाभ आपल्यालाही होतो. मात्र संशोधनाचे लेखन मोठ्या प्रमाणावर इंग्रजीत होऊ लागल्यावर फिनिशमधील शास्त्रीय परिभाषा नव्या ज्ञानाबरोबर वाढत राहील काय, ही चर्चा तेथे गांभीर्याने होते. लॅटिन आणि स्वीडिशच्या छायेतून बाहेर पडलेल्या भाषेसमोर हा नवा प्रश्न आहे. अवघ्या पंचावन्न-छपन्न लाख लोकसंख्येचा देश त्याचा विचार करतो, तर त्याहून कितीतरी पट मोठ्या मराठी समाजाने तो टाळून कसे चालेल?

म्हणून तुर्कूला जाणाऱ्याने वर्गाबरोबरच तीन गोष्टी कराव्यात. आगीतून वाचलेली लुओस्तारिनमाकी ही लाकडी घरांची वस्ती पाहावी. तेथे १९४० पासून हस्तकलांचे संग्रहालय आहे. ‘फोरी’ या नावेतून नदी ओलांडावी; १९०४ पासून ती नगरवासीयांची ने-आण करीत आहे आणि तिला भाडे पडत नाही. तिसरी गोष्ट म्हणजे सहाध्यायी फिनिश विद्यार्थ्याला, तुझा विषय तू तुझ्या भाषेत किती शिकलास, हे अवश्य विचारावे.

परतल्यावर श्रेयांकांचे प्रमाणपत्र संग्रही राहीलच. त्याबरोबर जे शिकून आलो, ते आपल्या गावच्या वाचनालयात तासभर मराठीतून समजावून सांगावे. सांगताना जेथे शब्द अडेल, तेथे तो शोधावा, न सापडल्यास घडवावा. हे काम शासनाच्या आदेशाची वाट न पाहता करता येते, हे तुर्कूच्या २२,०४० देणगीदारांनी कृतीने दाखविले आहे.