कॅरमची मेलेली बाजू
(रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



समितीने मला पंचवीस वर्षांचा आढावा घ्यायला सांगितलं होतं. पण तो सेक्रेटरीसाहेबांनी इतिवृत्ताची वही समोर ठेवून उत्तम घेतला आहे. मी आयुष्यभर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं, तेव्हा मी माझ्या विषयातलंच बोलतो. ऑफिसशेजारच्या खोलीत आपला कॅरम बोर्ड आहे. त्या बोर्डावर गेल्या वर्षी आपल्याच चार मुलांनी एक प्रोजेक्ट केला, त्याची ही हकीकत.

चौघंही अकरावी सायन्सची. ए विंगचे दोन मुलगे, बी विंगच्या दोन मुली. कॉलेजने गटाने करायचं काम दिलं होतं, की एक खेळ निवडा आणि त्यातलं भौतिकशास्त्र मोजून दाखवा. बहुतेक गटांनी क्रिकेट घेतलं. आपल्या कंपाउंडात क्रिकेटला बंदी, हे आपण सर्व जाणताच. म्हणून ही मंडळी कॅरमकडे वळली, आणि मी म्हणेन, फार बरं झालं. कारण कॅरममध्ये सगळं एका सपाट फळीवर घडतं. चेंडूसारखं हवेत काही उडत नाही. वरून मोबाइल लावला की सगळा खेळ कागदावर उतरवता येतो.

सामान काय, तर वायरमनची शिडी, तिला बांधलेला स्लो मोशनवाला मोबाइल, आलेखाचा कागद आणि कंपासपेटीतला कोनमापक. वजनं एका सभासदांच्या सराफी दुकानातल्या काट्यावर केली. नियमाप्रमाणे स्ट्रायकर १५ ग्रॅमपेक्षा जड चालत नाही, आणि सोंगटी ५ ते साडेपाच ग्रॅमची असावी लागते. म्हणजे स्ट्रायकर सोंगटीच्या साधारण तिप्पट. हा 'तिप्पट' शब्द लक्षात ठेवा, पुढची बरीच गंमत त्यात आहे.

सोंगटी अगदी पॉकेटच्या तोंडाशी आहे, तुम्ही सरळ मारता, सोंगटी जाते आणि मागोमाग स्ट्रायकरही जातो. मग दंड भरा! आपण म्हणतो, नशीब. मुलांनी गणित मांडलं. टक्कर पूर्ण स्थितिस्थापक धरली, म्हणजे ऊर्जा अजिबात वाया गेली नाही असं मानलं, तर तिप्पट वजनाचा स्ट्रायकर समोरासमोरच्या धडकेनंतर निम्म्या वेगाने पुढेच जातो आणि सोंगटी त्याच्या मूळ वेगाच्या दीडपट वेगाने सुटते. बिलियर्ड्समध्ये दोन्ही चेंडू सारख्या वजनाचे असतात, त्यामुळे घसरत येऊन सरळ धडकलेला चेंडू जागीच थांबू शकतो. आपला स्ट्रायकर थांबूच शकत नाही. प्रत्यक्षात थोडी ऊर्जा टक्करीत जाते, सोंगटीला दीडपटीपेक्षा कमी वेग मिळतो, आणि स्ट्रायकरकडे निम्म्याहून थोडा जास्तच उरतो. तेव्हा नशिबाला दोष देऊ नका, जरासा कट द्या.

कट दिला तरी स्ट्रायकर किती वळेल? यालाही मर्यादा आहे. एका सोंगटीला कितीही बारीक किंवा जाड कट मारा, तिप्पट वजनाचा स्ट्रायकर आपल्या वाटेपासून साडेएकोणीस अंशांहून जास्त वळत नाही. मुलांनी दिवसभर मारून पाहिलं. आमच्यातले जुने खेळाडू शेजारी बसून हसत होते. "अरे, हे आम्हाला हाताला माहीत आहे," म्हणाले. खरंच आहे ते. हाताला माहीत असतं, पण हाताला ते दुसऱ्याला सांगता येत नाही. आकड्याला येतं.

मग पावडर. बोर्डाच्या एका बाजूखाली वह्या रचत जायच्या आणि सोंगटीला हलकेच टिचकी द्यायची. ज्या उतारावर ती न थांबता, न वेग घेता एकसारखी घसरते, त्या उताराची उंची भागिले पाया म्हणजे घर्षणाचा गुणांक. एवढं सोपं. पावडर टाकली की वह्या कमी लागतात. पावसाळ्यात खाडीकडची दमट हवा आली की पुन्हा जास्त लागतात. बोर्डावर मोठा पिवळा बल्ब टांगण्याची आपली जुनी पद्धत नुसती उजेडासाठी नव्हती, हेही त्यांच्या लक्षात आलं. बल्बच्या उबेने फळी आणि पावडर कोरडी राहते. आणि एक गोष्ट, वेग दुप्पट केला की सोंगटी दुप्पट नाही, चौपट अंतर जाते. म्हणून नवशिक्याचा फटका एकतर निम्म्यात थांबतो, नाहीतर सगळ्या सोंगट्या उधळून परत येतो.

आता मुख्य गोष्ट सांगतो. चौथा भाग रिबाउंडचा होता. आपण सगळे समजतो, की आरशावरच्या उजेडासारखी सोंगटी कडेवर ज्या कोनात आदळते त्याच कोनात परतते. तसं ते नाही. कडेवर आदळताना काही वेग हरवतो, म्हणून सोंगटी कडेला लगटून जाऊ पाहते. उलट कडेचं घर्षण तिचा कडेच्या दिशेचा वेग कमी करतं आणि तिला उभं करू पाहतं. दोघांची ओढाताण होते, जो जिंकेल तसा कोन. आपल्या बोर्डावर तीन बाजूंना हा हिशोब साधारण बरोबरीत सुटत होता. चौथ्या बाजूला मात्र सोंगटी दर वेळी कडेला फारच लगटून, मरगळल्यासारखी यायची.

वही माझ्याकडे आली तेव्हा त्या बाजूच्या आकड्यांवर पेन्सिलीने काट मारलेली होती. एक मुलगा म्हणाला, "सर, ही रीडिंग्ज चुकलीयत. तीन बाजू जुळतायत, चौथीची काढून टाकू. ग्राफ छान येईल." दुसरा म्हणाला, परवा जमा करायचंय, वेळ नाही. त्या वयात मार्कांचं महत्त्व काय असतं ते घराघरांत माहीत आहे. मी काही बोलायच्या आत बी विंगची एक मुलगी म्हणाली, "चुकली असतील तर एकदा इकडे, एकदा तिकडे चुकायला हवीत ना? ही सगळी एकाच दिशेला कशी चुकतात?"

मंडळी, मी इतकी वर्षं वर्गात शिकवलं, पण चूक आणि माहिती यांतला फरक इतक्या थोडक्यात मला कधी सांगता आला नाही.

भांडण झालं, थोडा अबोलाही झाला. मग त्यांनी एक साधी युक्ती केली. दोष मारणाऱ्याच्या हाताचा आहे, बसण्याच्या जागेचा आहे, की बोर्डाचा, हे कसं ठरवायचं? त्यांनी बोर्ड उचलून पाव फेरा फिरवला आणि सगळं पुन्हा मोजलं. मारणारा तोच, खुर्ची तीच. मरगळ बोर्डाबरोबर फिरली! म्हणजे दोष लाकडात. मग बोर्ड उलटा केला, तर त्या बाजूच्या चौकटीचा जोड सैल झालेला. बोटाने दाबली की चौकट हलायची. सोंगटीची ऊर्जा त्या हलण्यात जात होती.

इथे बसलेल्या जुन्या मंडळींना आठवत असेल. आपले तिसऱ्या मजल्यावरचे काका कित्येक वर्षं सांगत होते, "खिडकीकडची बाजू मेलेली आहे." आपण काय म्हणायचो? हरले की यांची बाजू मरते. ते बरोबर होते. फक्त त्यांच्याकडे वही नव्हती.

ग्राफ काही सुरेख आला नाही. त्यांनी चारही बाजू दाखवल्या, कारण लिहिलं आणि बोर्ड फिरवल्याचा फोटो लावला. प्रदर्शनात नंबर आला नाही. पण तो प्रोजेक्ट मला आवडला तो त्या चौथ्या बाजूसाठीच.

सोसायटीतही आपल्या तीन बाजू जुळतात आणि चौथी जुळत नाही, असं बऱ्याचदा होतं. बी विंगला पाणी कमी येतं, अशी तक्रार आली की आपण म्हणतो, त्यांना सवयच आहे तक्रारीची. सवय असेलही. पण तक्रार नेहमी एकाच दिशेने येत असेल, तर एकदा तरी बादली आणि घड्याळ घेऊन उभं राहावं, आणि येईल तो आकडा वहीत लिहावा. तो आपल्या विंगच्या विरुद्ध असला तरी.

आता हे मलाही लागू करतो. ती कॅरमची खोली बंद करून तिथे पार्सलं ठेवायची, असा विषय पुढच्या सर्वसाधारण सभेपुढे आहे. पार्सलांचा त्रास खरा आहे, वॉचमनच्या टेबलाखाली ढीग असतो. मी मात्र त्या खोलीच्या बाजूचा आहे, हे उघड आहे. माझी एवढीच विनंती आहे. ठरावाआधी एक महिना दाराशी रजिस्टर ठेवा. रोज कोण आलं, किती वेळ बसलं, ते लिहा, आणि शेजारच्या पानावर रोजची पार्सलं लिहा. मोजायचं काम ही चौघं करायला तयार आहेत. आकडा माझ्या विरुद्ध गेला, तर ठरावाला अनुमोदन मी देईन.

आणि तोवर सुताराला बोलावून तो चौकटीचा जोड तेवढा घट्ट करून घ्या. काका अजून खेळतात.