हशापलीकडील पेनी मार्शल

‘लाव्हर्न अँड शर्ली’ (१९७६-८३) या अमेरिकी विनोदी मालिकेत पेनी मार्शल बिअरच्या कारखान्यात बाटल्यांना झाकणे लावणारी लाव्हर्न साकारीत. मालिकेच्या जनकांपैकी एक त्यांचे सख्खे बंधू. वशिल्याची कुजबुज ओघानेच आली. तिचे काही भाग दिग्दर्शित करून त्या चित्रपटांकडे वळल्या. एका रात्रीत प्रौढ होणाऱ्या मुलाची गोष्ट सांगणारा ‘बिग’ (१९८८) हा अमेरिकेत १० कोटी डॉलरांची कमाई ओलांडणारा दिग्दर्शिकेचा पहिला चित्रपट. पुढे ‘अवेकनिंग्ज’ला (१९९०) सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर नामांकन मिळाले, दिग्दर्शिकेला मात्र नाही, चित्रपट जणू आपोआपच घडला! १९९२मध्ये त्यांनी महायुद्धकाळात व्यावसायिक बेसबॉल खेळणाऱ्या स्त्रियांना पडद्यावर आणले. त्याही चित्रपटाने १० कोटींचा पल्ला ओलांडला.