दातांवरील थर आणि त्यातील आंबटपणा
(सुवर्णमहोत्सवी समारंभात आरोग्य समितीतर्फे केलेले भाषण)



आज आम्ही एका कबुलीने बोलण्यास आरंभ करतो. आपल्या वसतिगृहातील मुलांचे दात आम्ही तपासतो. तपासणी झाली, की न रडल्याबद्दल प्रत्येकाच्या हातावर लिमलेटच्या दोन गोळ्या ठेवण्याची चाल आम्हीच पाडली. दाढा किडलेली मुले आम्हांला दर खेपेस दिसत होती आणि गोळ्यांचा डबाही शेजारीच होता! ही चूक कशी उमगली, ते ऐका.

सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली, तर एक बुळबुळीत थर लागतो. ती नुसती घाण नव्हे. ती जंतूंची दाट वस्ती आहे. साखर मिळाली, की त्यांतील काही जंतू तिचे आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचा कठीण थर विरघळविते. हा सिद्धान्त मिलर या दंतवैद्याने १८९० मध्ये मांडला.

पण आम्ल किती, हे मोजावे कसे? आम्लता सामूने, म्हणजे पीएचने मोजतात. ही मोजपट्टी १९०९ मध्ये सोरेनसेन यांनी कोपनहेगन येथे दिली. शुद्ध पाण्याचा सामू ७. आकडा एकाने उतरला, की आम्लता दहापट झाली असे समजावे. १९४० च्या सुमारास अमेरिकेत रॉबर्ट स्टीफन यांनी अँटिमनी धातूचे बारीक अग्र दातावरील थराला लावून पाहिले. तोंडात ग्लुकोजचे पाणी खुळखुळविताच थोड्याच मिनिटांत सामू ५ च्या आसपास उतरला. पूर्वपदावर येण्यास सुमारे अर्धा ते एक तास लागला. सामू साधारण ५.५ च्या खाली गेला, की दात झिजू लागतो. लाळ आम्ल मारते, आणि गेलेला खनिजांश काही प्रमाणात परतही देते. मात्र त्यासाठी तिला उसंत हवी.

पुढे त्याहूनही सूक्ष्म मोजणी साधली. आम्लतेप्रमाणे ज्याच्या प्रकाशाचा रंग पालटतो, असे रंगद्रव्य थरात मुरवतात. मग खास सूक्ष्मदर्शकाने एकेक पातळी पाहून दोन रंगांच्या प्रमाणावरून जागोजागचा सामू काढतात. त्यात असे दिसले, की एकाच थरात आंबट खळगा आणि त्याच्या अगदी शेजारी जवळजवळ निर्मळ जागा असू शकते. काही जंतू साखरेपासून चिकट डिंक तयार करतात. त्या दाट वस्तीत लाळ सहजी शिरत नाही, म्हणून बाहेर सारे ठीक दिसत असताही आत, दाताला लागून, आम्ल साचून राहते.

यावरून आम्ही काय शिकलो? साखर किती खाल्ली, याबरोबरच ती किती वेळा खाल्ली, हेही तितकेच महत्त्वाचे. जेवणात एक लाडू खाल्ला, तर आम्लाची एक लाट येते आणि ओसरते. तीच साखर गोळ्यांच्या रूपाने दुपारभर चघळली, तर लाट ओसरण्यापूर्वीच दुसरी येते. आंबट गोळीत तर स्वतःचेही आम्ल असते. गोड खाल्ल्यावर चूळ भरणे चांगलेच, पण चूळ भरल्याने तो थर निघत नाही. त्यासाठी ब्रशच हवा, दिवसातून दोनदा, फ्लोराइडयुक्त पेस्ट लावून, आणि रात्री निजण्यापूर्वी तर चुकवूच नये.

म्हणून गोळ्यांचा तो डबा आम्ही बंद केला आहे. यापुढे तपासणीनंतर मुलांना पेन्सिल मिळेल. मातांना विनंती एवढीच, की भेटीस येताना गोळ्यांऐवजी भाजलेले शेंगदाणे किंवा फुटाणे आणावेत. दुधाचे दात पडणारच, असे म्हणून त्यांची हयगय करू नये. ते दुखू लागले, तर लेकराचे जेवण आणि झोप दोन्ही जातात.

आज उत्सवाचा दिवस आहे. मोतीचुराचे लाडू आहेत आणि ते सर्वांनी खावेत. फक्त ते पंगतीतच खावेत, खिशात घालून नेऊ नयेत, एवढे सांगून आम्ही आपली रजा घेतो.