चार पातळ्या पोथीच्या, एक भद्रनागाची



“सॉफ्टवेअर सोडून काय करतेस?” असं सकाळपासून चौघींनी विचारलं. दर शनिवारी लेकीबरोबर ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळते. 1974 सालचा खेळ. कागद, पेन्सिल, फासे आणि भरपूर गप्पा.

माझं पात्र पाचव्या पातळीवर आहे. त्यातल्या चार पातळ्या विझर्डच्या, एक क्लेरिकची. विझर्डची जादू पोथीतून येते, क्लेरिकची देवाकडून. देव निवडायचा होता. भद्रावतीत वाढलेली मी, भद्रनाग लिहून मोकळी झाले. असा संगम करायला बुद्धी आणि शहाणपण दोन्ही किमान 13 लागतात. मंत्रशक्ती दोन्हीकडच्या पातळ्यांची बेरीज करून मिळते, म्हणून तिसऱ्या दर्जाची ताकद माझ्याकडे आहे, पण त्या दर्जाचा मंत्र एकही नाही. ‘फायरबॉल’साठी विझर्डच्याच पाच पातळ्या हव्यात. लेक म्हणते, “आई, तू मागे राहिलीस.”

राहिले खरी. पण तिचं पात्र एकटंच पुढे धावतं आणि पडतं. त्या एका पातळीमुळे मी 60 फुटांवरून नुसत्या शब्दानं तिला उठवते. विझर्डच्या पोथीत तो मंत्रच नाही. गेल्या शनिवारी दोनदा उठवलं. उठली, की निघाली परत पुढे.