सनद आणि संगत
(वसंत व्याख्यानमालेतील व्याख्यान)



वैद्यकव्यावसायिकांनी संघटना कशासाठी करावी, असे मुंबईत विचारले तर फी, संप आणि संरक्षण ही उत्तरे हजर असतात; परंतु जो डॉक्टर राज्याच्या सीमेवरच्या तलासरीच्या एखाद्या पाड्यालगत एकटाच दवाखाना मांडून बसला आहे, ज्याच्या दारी तापाचा, बाळंतपणाचा आणि सर्पदंशाचा रुग्ण एकाच सकाळी येतो, आणि ‘माझे काही चुकते आहे काय?’ असे विचारावयास ज्याच्याजवळ समव्यवसायी नाही, त्याच्यापुरता या प्रश्नाचा अर्थच पालटतो.

मण्यारीच्या दंशाचेच पाहा. पावसाळ्याच्या रात्री कुडाच्या घरात भुईवर निजलेल्या माणसाला ती डसते, तेव्हा वेदना जवळजवळ होत नाही, सूज येत नाही, दाताची खूणही पुष्कळदा सापडत नाही. पहाटे पोटात कळ येते, मग पापण्या मिटू लागतात, गिळवेनासे होते, आणि अखेर श्वासाचे स्नायूच थकतात. हे सारे पुस्तकात आहे. परंतु पोटदुखीच्या रुग्णाच्या पापणीकडे पाहण्याची सवय पुस्तकाने लागत नाही. असा रुग्ण हातचा गेलेल्या कोणी चार समव्यवसायींत बसून ‘मी पापणी पाहिली नाही’ असे म्हटले, म्हणजे ऐकणाऱ्यांना ती सवय जन्माची लागते. नातलगांना खरे सांगणे हे कर्तव्य निराळे, आणि ते टळत नाही. पण कचेरीत अशा कबुलीचा जाबजबाब होतो, संगतीत तिचे शिक्षण होते.

सनद आणि संगत यांतला हा भेद आपण विसरतो. १९१२ च्या मुंबई वैद्यक कायद्याने इलाख्यात डॉक्टरांची नोंदवही आली. तीत नाव दाखल झाले की अधिकार मिळतो, सोबत मिळत नाही. सोबतीसाठी १९२८ साली कलकत्त्याच्या परिषदेतून इंडियन मेडिकल असोसिएशन उभी राहिली. परिचारिकांनी आपली अखिल भारतीय संघटना त्याच्या वीस वर्षे आधी, १९०८ सालीच, स्थापली होती. डॉक्टरमंडळी हे सहसा सांगत नाहीत.

एकट्याच्याने काहीच होत नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ च्या सुमारास रुजू झालेल्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या रुग्णांशेजारी रात्री जागवल्या, विष हृदयावर कसे चालते ते टिपले, आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे औषध त्यावर लागू पडते, हे पुढे दाखवून दिले. त्यांची निरीक्षणे लंडनच्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आली. परंतु ज्याला ‘लॅन्सेट’ कधी दिसत नाही, त्याच्यापर्यंत अशी विद्या पोचावयाची ती परिषदांतून, मासिक बैठकींतून आणि चहाच्या वेळच्या बोलण्यातूनच.

आपल्या मुलखाची आणखी एक अडचण आहे. तलासरीचा रुग्ण कधी डहाणूच्या उपजिल्हा रुग्णालयात जातो, कधी हद्द ओलांडून वापीला किंवा सिल्वासाला. वाटेत कागद हरवतो, आणि पहिले इंजेक्शन कोणते दिले ते दुसऱ्या डॉक्टरास कळत नाही. हुकूम राज्याच्या सीमेवर थांबतो, पण ओळखीचा माणूस फोन उचलतो. ती ओळख आजार येण्याआधी झालेली असावी लागते.

यास्तव माझी सूचना साधी आहे. मृगाच्या आधी डहाणूत एक बैठक भरवावी, विषय मण्यार. वापीकडच्या डॉक्टरांना पत्र धाडावे. परिचारिकांना, औषधविक्रेत्यांना आणि आशाताईंना मागच्या बाकांवर बसवू नये, कारण पाड्यात रुग्ण प्रथम पाहतात त्या आशाताईच. भगतालाही बोलवावे काय? मी बोलवीन. सापाचा रुग्ण मात्र पुष्कळदा आधी त्याच्याकडे जातो, आणि तेथून तो तासाभरात निघतो की दुसऱ्या दिवशी, हे त्याच्याच हाती असते. यावर आपल्यांतील काहींचा आक्षेप असेल. तो त्यांनी त्या बैठकीत, भगताच्या समोर मांडावा.